घेतलेले प्रकरण सोडताना : प्रस्तावना

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रांमध्ये अधूनमधून एका ओळीचा आदेश भेटतो. वर पक्षकारांची नावे, प्रकरणाचा क्रमांक आणि तारीख असते. खाली एवढेच लिहिलेले असते, की सर्शिओरारीची रिट अविचाराने मंजूर झाली असल्यामुळे काढून टाकण्यात येत आहे. मूळ इंग्रजी आदेशात इथे 'इम्प्रॉव्हिडंटली' हे क्रियाविशेषण असते. घरीदारी कुणी हा शब्द बोलत नाही. कायद्याच्या भाषेत मात्र तो पक्का रुजला आहे, आणि तिथे त्याचा रोख बाहेरच्या कुणावर नसून खुद्द न्यायालयावर असतो. देशातले सर्वांत वरचे न्यायपीठ सांगते, की हे प्रकरण आम्ही ऐकायला घेतले ते पुढचा विचार न करता घेतले आणि आता ते सोडून देत आहोत.

तिकडचे वकील अशा प्रकरणाला 'डिग' म्हणतात. इंग्रजी आदेशातल्या आद्याक्षरांवरून आलेले हे नाव त्यांच्या बोलण्यात इतके मुरले आहे, की 'आमचे प्रकरण डिग झाले' असे ते सहज म्हणून जातात. तोवर पुष्कळ काही घडून गेलेले असते. खालच्या कोर्टांत वर्षे गेलेली असतात. हजारो अर्जांमधून हा एक अर्ज निवडला गेलेला असतो. दोन्ही बाजूंची लेखी म्हणणी छापून झालेली असतात. सरकार, संस्था आणि प्राध्यापक यांनी न्यायालयाचे मित्र म्हणून आपापली निवेदने दिलेली असतात, आणि बहुतेक वेळा तोंडी युक्तिवादही झालेला असतो. मग ती ओळ येते, खालच्या कोर्टाचा निकाल जसाच्या तसा उभा राहतो आणि ज्या प्रश्नासाठी एवढी धडपड केली तो अनुत्तरितच राहतो.

हे पुस्तक त्या ओळीबद्दल आणि तिच्यामागच्या माणसांबद्दल आहे. माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगतो. हाती घेतलेले काम घ्यायला नको होते, हे कळल्यावर ते थांबवणे हा संस्थेचा मोठा गुण आहे. एकदा सुरू केले म्हणून रेटत नेणाऱ्या संस्थांनी जगात बरेच नुकसान केले आहे. पण थांबण्याची किंमत थांबणारा देत नाही, दुसराच कुणीतरी देतो. म्हणून जो थांबतो त्याने का थांबलो हे त्या दुसऱ्याला सांगितले पाहिजे. कारण दिले तर ही कबुली प्रामाणिक ठरते, नाही तर ती सुटकेची वाट होऊन बसते. पुस्तकातली सगळी प्रकरणे मी या एकाच कसोटीवर घासून पाहिली आहेत.

आधी हे यंत्र कसे चालते ते थोडक्यात पाहू. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत अनेक प्रकारची अपिले सर्वोच्च न्यायालयाला ऐकावीच लागत. कामाचा डोंगर साचत गेला. १८९१ च्या कायद्याने सर्शिओरारीची, म्हणजे निवड करून प्रकरण मागवून घेण्याची, वाट उघडली. १९२५ च्या कायद्याने ती वाट हाच राजमार्ग झाला. पूर्वी राष्ट्राध्यक्ष राहिलेले विल्यम हॉवर्ड टाफ्ट तेव्हा सरन्यायाधीश होते. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा कायदा व्हावा म्हणून काँग्रेसकडे स्वतः पाठपुरावा केला, म्हणून तो 'जजेस बिल' या नावानेच ओळखला जातो. कोणते प्रकरण ऐकायचे हे तेव्हापासून मुख्यतः न्यायालयच ठरवते. नऊ न्यायमूर्तींपैकी चौघांनी होकार दिला, की प्रकरण सुनावणीला लागते. हा चौघांचा नियम कोणत्याही कायद्यात लिहिलेला नाही. ती न्यायालयाची परंपरा आहे, आणि अल्पमतातल्या न्यायमूर्तींना महत्त्वाचा वाटणारा प्रश्न किमान ऐकला तरी जावा, हा तिचा हेतू आहे.

अलीकडच्या काळात वर्षाला सुमारे ४,००० अर्ज येतात आणि त्यांतली ६० च्या आसपास प्रकरणे युक्तिवादासह ऐकली जातात. एवढ्या अर्जांची पहिली छाननी न्यायमूर्तींचे तरुण सहायक वकील करतात. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून बहुतेक न्यायमूर्तींचे सहायक हे काम आपसांत वाटून घेतात. अर्जातला प्रश्न महत्त्वाचा आहे का, खालच्या कोर्टांत त्यावर मतभेद आहेत का, हे तर ते पाहतातच. त्याशिवाय या प्रकरणातून त्या प्रश्नाचा निकाल खरेच लावता येईल का, हेही त्यांना तपासावे लागते. तिकडच्या वकिलांच्या बोलीत याला 'व्हेइकल' म्हणतात. प्रश्न उत्तम असेल, पण कागदपत्रांत भलताच अडथळा निघाला, तर व्हेइकल वाईट. विरुद्ध बाजूच्या वकिलाने असा अडथळा असेल तर सुरुवातीच्या उत्तरातच दाखवावा, मागाहून नको, असे न्यायालयाचे नियम बजावतात. गेल्या दशकभरात आणखी एक सावधगिरी रूढ झाली आहे. मंजूर करावासा वाटणारा अर्जही न्यायमूर्ती सहसा पहिल्याच बैठकीत मंजूर करत नाहीत, पुढच्या बैठकीत पुन्हा पाहतात. एवढी काळजी घेऊनही वर्षाकाठी हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकी प्रकरणे निसटतातच.

ज्या प्रकरणामुळे हा विषय माझ्या मनात घर करून बसला, ते १९५५ सालचे आहे. पुस्तकात त्याला सर्वांत जास्त पाने दिली आहेत.

सार्जंट जॉन राइस हे विनेबागो या आदिवासी समाजातले होते. दुसऱ्या महायुद्धात लढले आणि १९५० च्या सप्टेंबरमध्ये कोरियात मारले गेले. त्यांचा देह मायदेशी यायला वर्ष लागले. त्यांच्या गोऱ्या पत्नीने आयोवा राज्यातल्या सू सिटी या गावी मेमोरियल पार्क दफनभूमीत जागा विकत घेतली होती. १९५१ च्या ऑगस्टमध्ये कबरीपाशी धार्मिक विधी पार पडला. देह खाली उतरवणे तेवढे बाकी होते. त्या क्षणी दफनभूमीच्या व्यवस्थापनाने काम थांबवले. जागेच्या करारात एक कलम होते, की इथे फक्त कॉकेशियन वंशाच्या, म्हणजे गोऱ्या, माणसांनाच पुरता येईल. मृत सैनिक त्या वंशाचा नाही, सबब दफन होणार नाही, असे पत्नीला सांगण्यात आले. बातमी वर्तमानपत्रांत आली. राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी लक्ष घातले आणि सप्टेंबरमध्ये राइस यांचे दफन आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत लष्करी मानाने झाले.

त्यानंतर त्यांच्या पत्नीने दफनभूमीवर नुकसानभरपाईचा दावा लावला. कायद्याचा प्रश्न अस्सल आणि अवघड होता. १९४८ मध्ये शेली विरुद्ध क्रेमर या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते, की घरविक्रीच्या करारात वंशभेदाचे कलम असले तरी न्यायालये त्याची अंमलबजावणी करू शकत नाहीत, कारण न्यायालयाचा हुकूम ही राज्याचीच कृती आहे. मग तेच कलम दफनभूमीला बचाव म्हणून वापरू देणे ही राज्याची कृती नव्हे काय? आयोवाच्या न्यायालयांनी बचाव ग्राह्य धरला. सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला घेतले. १९५४ च्या ऑक्टोबरमध्ये न्यायमूर्ती जॅक्सन वारले होते आणि उरलेल्या आठांचे मत चार विरुद्ध चार पडले. समसमान मते पडली की खालचा निकाल कायम होतो. पत्नीने फेरसुनावणी मागितली.

त्या अर्जावर ९ मे १९५५ रोजी जे झाले, ते या पुस्तकाच्या केंद्रस्थानी आहे. पाच न्यायमूर्तींच्या वतीने न्या. फ्रँकफर्टर यांनी लिहिले, की आयोवाने दरम्यान कायदा करून दफनभूमींतला असा भेदभाव बंद केला आहे. त्यामुळे हा प्रश्न पुन्हा उद्भवण्याचा संभव उरलेला नाही, एकाच व्यक्तीपुरता तो शिल्लक आहे, आणि हा कायदा वेळेवर नीट नजरेस आणला गेला असता तर आम्ही प्रकरण घेतलेच नसते. पहिला निकाल मागे घेऊन रिट अविचाराने मंजूर झाल्याचे जाहीर करण्यात आले. न्या. ब्लॅक, सरन्यायाधीश वॉरन आणि न्या. डग्लस यांनी विरोध नोंदवला. आयोवाच्या नव्या कायद्यात एक अपवाद होता : आधीच कोर्टात असलेल्या दाव्यांना तो लागू नाही. म्हणजे ज्या बाईच्या दुःखामुळे कायदा बदलला, तीच एकटी त्या कायद्याच्या बाहेर राहिली. हक्क नाकारली गेलेली ती एकटीच उरली आहे, हे प्रकरण सोडून देण्याचे कारण होऊ शकत नाही, असा विरोधी न्यायमूर्तींचा युक्तिवाद होता.

मला त्या तिघांचे म्हणणे पटते. आयोवाचा कायदा १९५३ सालचा होता. सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण घेतले तेव्हा तो अस्तित्वात होता, सर्वांना उपलब्ध होता. तो वेळीच पाहिला गेला नाही हा दोष न्यायालयाने शब्दांत स्वतःकडे घेतला, पण त्याची झळ बसली ती एका सैनिकाच्या विधवेला. त्या दिवसांची पार्श्वभूमीही विसरता येत नाही. शाळांमधले वर्णविभाजन घटनाबाह्य ठरवणारा ब्राउन खटल्याचा निकाल वर्षभरापूर्वी लागला होता आणि त्याची अंमलबजावणी कशी करायची हे सांगणारा दुसरा निकाल तीनच आठवड्यांनी यायचा होता. न्यायालय वंशभेदाच्या प्रश्नावर जपून पावले टाकत होते. माझ्या मते या प्रकरणात अविचाराच्या कबुलीआड ते जपणेच होते. कारण दिले गेले, पण ते पुरे पडत नाही.

सगळीच प्रकरणे अशी नाहीत. होसे मेदेयीन हा मेक्सिकोचा नागरिक टेक्ससमध्ये देहदंडाच्या शिक्षेवर होता. अटकेनंतर मेक्सिकोच्या वकिलातीशी संपर्क करण्याचा त्याचा हक्क त्याला सांगितलाच गेला नव्हता. २००४ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने त्याच्यासह ५१ मेक्सिकन कैद्यांच्या शिक्षांचा अमेरिकेने फेरविचार करावा असा निकाल दिला. सर्वोच्च न्यायालयाने त्याचे प्रकरण घेतले. युक्तिवादाच्या आदल्या महिन्यात, २००५ च्या फेब्रुवारीत, राष्ट्राध्यक्ष बुश यांनी राज्यांच्या न्यायालयांनी हा निकाल पाळावा असे फर्मान काढले आणि टेक्ससच्या न्यायालयात नवा अर्ज दाखल झाला. न्यायालयाने सविस्तर कारणे लिहून प्रकरण सोडले : आधी टेक्ससची न्यायालये काय करतात ते पाहू, मग गरज पडली तर पुन्हा आमच्याकडे या. प्रकरण खरोखरच परत आले. २००८ मध्ये निकाल मेदेयीनच्या विरुद्ध गेला आणि त्याला देहदंड देण्यात आला. त्या निकालाबद्दल कुणाचे काहीही मत असो, २००५ ची माघार उघड कारणांसह घेतलेली होती. काय बदलले आणि पुढे रस्ता कोणता, हे दोन्ही आदेश वाचणाऱ्याला कळत होते.

माघार रास्त असण्याचा आणखी एक प्रकार आहे. पक्षकार एक प्रश्न पुढे करून आत शिरतात आणि आत गेल्यावर भलताच युक्तिवाद करतात. २०१६ मध्ये व्हिसा विरुद्ध ऑस्बर्न प्रकरणात हेच झाले. न्यायालयाने दोन वाक्यांत ते नोंदवले आणि प्रकरण काढून टाकले. दोनच वाक्ये, पण पुढच्या प्रत्येक वकिलाने त्यांतून धडा घ्यावा अशी.

खरा पेच चौघांच्या नियमापाशी येतो. चौघांनी घेतलेले प्रकरण उरलेल्या पाचांनी अविचाराचे म्हणून काढून टाकले, तर नियमाला अर्थ काय राहिला? १९५७ मध्ये रेल्वे आणि जहाजांवरच्या जखमी कामगारांच्या दाव्यांवरून हा वाद उघड्यावर आला. न्या. फ्रँकफर्टर यांना ही प्रकरणे सर्वोच्च न्यायालयाने ऐकण्याजोगी वाटतच नव्हती, म्हणून गुणवत्तेवर मत द्यायलाच त्यांनी नकार दिला. न्या. हार्लन यांनाही ती घ्यायला नको होती असे वाटत होते. पण चौघांनी एकदा घेतल्यावर आपण निकालात भाग घेतलाच पाहिजे, असे त्यांनी म्हटले. एकाच बाजूच्या दोन न्यायमूर्तींमधला हा मतभेद मी पुस्तकात तपशिलाने मांडला आहे, कारण संस्थेत राहून असहमत कसे व्हावे याचा वस्तुपाठ हार्लन यांच्या भूमिकेत मिळतो.

२०१३ च्या बॉयर विरुद्ध लुइझियाना प्रकरणात हा पेच आकड्यांतच दिसला. खुनाच्या आरोपाखालचा एक माणूस खटला उभा राहण्याआधी सात वर्षांहून अधिक काळ तुरुंगात होता. त्याच्या वकिलांच्या खर्चाची तरतूद राज्याने केली नाही. या विलंबाचा दोष राज्याच्या माथी येतो का, हा प्रश्न होता. पाच न्यायमूर्तींनी प्रकरण काढून टाकले, त्यांतल्या तिघांनी विलंब मुख्यतः बचाव पक्षाच्याच मागण्यांमुळे झाल्याचे लिहिले. विरोधात न्या. सोटोमायोर यांच्यासह बरोबर चार न्यायमूर्ती होते. प्रकरण ऐकायला पुरेसे असलेले चौघे ते ऐकून संपवायला पुरे पडले नाहीत.

तात्पुरत्या हुकमांचा प्रश्न त्याहून नाजूक आहे. २०२४ च्या जानेवारीत आयडाहो राज्याच्या गर्भपातबंदीचे प्रकरण न्यायालयाने खालच्या अपील कोर्टाचा निकाल येण्याआधीच स्वतःकडे घेतले आणि आणीबाणीतल्या रुग्णांना संरक्षण देणारा खालचा मनाई हुकूम स्थगित केला. जूनअखेर प्रकरण अविचाराने घेतल्याचे सांगून सोडले आणि स्थगिती उठवली. मधल्या महिन्यांत त्या राज्यातल्या काही गर्भवती रुग्णांना उपचारांसाठी विमानाने दुसऱ्या राज्यांत हलवावे लागले. न्यायालयाची कागदावरची स्थिती जानेवारीआधी होती तिथेच परत आली, पण त्या बायकांचे ते महिने कोणत्याही आदेशाने परत येणार नव्हते.

मराठी वाचकाने हे का वाचावे, याचे उत्तर आपल्याच राज्यघटनेत आहे. अनुच्छेद १३६ खाली आपले सर्वोच्च न्यायालय विशेष अनुमती देऊन जवळजवळ कोणत्याही न्यायालयाच्या निर्णयावरचे अपील ऐकू शकते. १९५० मध्येच, प्रीतम सिंग प्रकरणात, न्यायालयाने सांगितले की ही अनुमती अपवाद म्हणून, जपून द्यायची आहे, आणि अनुमती मिळाली म्हणून सगळे प्रकरण नव्याने खुले होत नाही. १९६३ मध्ये हरि नारायण विरुद्ध बद्री दास प्रकरणात अर्जातली दिशाभूल करणारी विधाने उघड झाल्यावर न्यायालयाने दिलेली अनुमती काढून घेतली. दिलेला होकार मागे घेण्याची सोय आपल्याकडेही आहे, असा याचा अर्थ. फरक असा, की अमेरिकेत घेतलेले प्रकरण साधारणपणे वर्षभरात निकाली निघते, आपल्याकडे अनुमती मिळाल्यावरही अपील वर्षानुवर्षे बोर्डावर येत नाही. इतक्या काळाने 'अनुमती द्यायलाच नको होती' असे ऐकणाऱ्या अशिलाचे नुकसान त्या प्रमाणात मोठे.

आणखी एक गैरसमज दोन्ही देशांत सारखाच आहे. वरच्या कोर्टाने प्रकरण ऐकले नाही म्हणजे खालच्या निकालावर शिक्कामोर्तब केले, असे लोक धरून चालतात आणि बातम्यांचे मथळेही तसेच येतात. कारणे न देता विशेष अनुमती याचिका फेटाळली तर तिचा अर्थ खालचा निकाल बरोबर आहे असा होत नाही, हे आपल्या न्यायालयाने २००० मध्ये कुन्हयम्मद प्रकरणात स्पष्ट केले आहे. डिग झालेल्या प्रकरणाचेही तसेच. २००३ मध्ये नायकी कंपनीने आपल्या परदेशी कारखान्यांबद्दल केलेली विधाने जाहिरात मानायची की सार्वजनिक चर्चेतले मत, हा प्रश्न युक्तिवादानंतर असाच सोडून दिला गेला. पक्षकारांनी पुढे तडजोड केली. त्या प्रश्नाचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने 'हो' असेही दिले नाही आणि 'नाही' असेही नाही.

पुस्तकाचे तीन भाग आहेत. पहिल्या भागात निवडीची पद्धत आणि तिचा इतिहास आहे. दुसऱ्यात निवडक प्रकरणे खालच्या कोर्टापासून शेवटच्या ओळीपर्यंत सलग सांगितली आहेत, आणि प्रत्येकात पक्षकार कोण होता आणि नंतर त्याचे काय झाले हे आवर्जून दिले आहे. तिसरा भाग भारतातल्या विशेष अनुमतीवर आहे. कायद्याचे विद्यार्थी आणि तरुण वकील डोळ्यांपुढे ठेवून लिहिले असले, तरी ज्यांनी कधी कोर्टाची पायरी चढलेली नाही त्यांनाही वाचता यावे म्हणून परिभाषा कमीत कमी ठेवली आहे. नगरपालिका असो, विद्यापीठ असो की सहकारी संस्था, घेतलेला निर्णय मागे घेण्याची वेळ सर्वांवरच येते, आणि या प्रकरणांतून उठणारे प्रश्न त्या सर्वांना लागू पडतात.

अखेरच्या भागात मी एक मागणी केली आहे. घेतलेले प्रकरण सोडताना न्यायालयाने तीन गोष्टी लिहाव्यात. घेतल्यानंतर काय बदलले किंवा काय नव्याने कळले. ते आधी कळण्यासारखे होते का, आणि असेल तर ते कुणाच्या नजरेतून सुटले. आणि मधल्या काळातल्या हुकमांमुळे ज्याचे नुकसान झाले, त्याच्यासाठी आता कोणता मार्ग खुला आहे. हे लिहायला एक पान पुरते. मेदेयीन प्रकरणात यांतल्या पहिल्या आणि तिसऱ्या गोष्टीचे उत्तर न्यायालयाने स्वखुशीने दिले, म्हणजे ते जमण्यासारखे आहे. स्वखुशीने जे एकदा केले ते दर वेळी करण्याचे बंधन अमेरिकेच्या आणि आपल्याही न्यायालयाने स्वतःवर घालून घ्यावे. पक्षकाराने आपली वर्षे त्यांच्या स्वाधीन केलेली असतात, एवढा हिशेब मागण्याचा त्याला पुरेपूर हक्क आहे.